रॅप्टर 700 वाळूवर धाप टाकते, पिस्टन मोठा करू की आधी बाकीचं बघू?

वाळवंटी_पक्या

मंडळी नमस्कार. इथे बुलेटचे धागे रग्गड आहेत, पण क्वाडबाइकवर (चार चाकांची एटीव्ही) कोणी काही लिहिलेलं सापडेना म्हणून हा नवीन काढतोय, चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

मी शारजात असतो. हिवाळा सुरू झाला की सुट्टीच्या दिवशी पहाटे आमची गँग बदायरला जाते, ती बिग रेडची लाल वाळू बऱ्याच जणांनी डेझर्ट सफारीत बघितली असेल. या वर्षी यामाहा रॅप्टर 700आर घेतली, सेकंडहँड, 2014 चं मॉडेल. 686 सीसी, सिंगल सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, पाच गिअर आणि एक रिव्हर्स. आधीच्या मालकाने स्लिप-ऑन सायलेन्सर बसवलाय, एअरबॉक्सचं (एअर फिल्टरच्या डब्याचं) झाकण काढून टाकलंय आणि मागे पॅडल टायर (वाळू उपसणाऱ्या उंच पट्ट्यांचे) टाकलेत. आवाज असला भारी की शेजारची पाकिस्तानी पोरं पण वळून बघतात.

पण चढावर अर्ध्या थ्रॉटलला अडखळते, थ्रॉटल सोडला की मागून फट फट फट, आणि माझ्या मित्राची हीच गाडी, सगळी कंपनी कंडिशनमधली, माझ्या डोळ्यांदेखत टेकडी चढून जाते आणि मी निम्म्यात रुतून बसतो. इथला गॅरेजवाला म्हणतो 734 सीसीचा बिग बोअर किट (मोठा पिस्टन-सिलिंडर) टाक, हाय कॉम्प्रेशन पिस्टन टाक, कॅम बदल, मग बघ कशी पळते. आकडा ऐकून घाम फुटला. खरंच गरज आहे का एवढ्याची? पेट्रोल मी 98 चं टाकतो, त्यात काटकसर नाही.

दगडू_परब

एवढी वाळू उघड्यावर पडलीये आणि एक डंपर दिसत नाही, तहसीलदार नाही, रात्रीची धाड नाही. बघूनच डोळे पाणावले.

टॅपेटवाला

पक्याभाऊ, पिस्टनचं नंतर बघू, आधी चार गोष्टी सांगा. सायलेन्सर बदलला तेव्हा फ्युएल कंट्रोलर बसवला होता का? एअर फिल्टर शेवटचा कधी धुतला? टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, कधी बघितले? आणि टायरमध्ये हवा किती आहे? तुमचं वजनही सांगा, लाजू नका.

वाळवंटी_पक्या

कंट्रोलर वगैरे काही दिसत नाही सीटखाली. फिल्टर मागच्याच महिन्यात गॅरेजवाल्याने हवा मारून साफ केला. टॅपेट माहीत नाही. हवा पंपावरच्या पोऱ्याने भरली, 12 असेल. वजन 92, हेल्मेट-बूट सोडून.

टॅपेटवाला

12 ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.

अहो या गाड्यांच्या टायरला चार-पाच पीएसआय हवा लागते, वाळूवर पॅडलला लोक त्याहून कमी ठेवतात. पंपावरच्या गेजचा काटा त्या रेंजमध्ये नीट हलतसुद्धा नाही, त्यासाठी लो प्रेशरचा वेगळा गेज मिळतो तो घ्या, पहिला खर्च तोच करा. 12 ला टायर मधोमध फुगतो, पॅडल सपाट बसत नाही, मधलीच दोन बोटं वाळू खणत बसतात आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी स्वतःसाठी खड्डा करते. शिवाय मागचा अॅक्सल एकसंध आहे, डिफरन्शियल नाही. दोन टायरमध्ये हवा कमीजास्त झाली की त्यांचा घेर वेगळा होतो आणि गाडी सरळ थ्रॉटललाही एका बाजूला ओढते. रुतण्याचं निम्मं उत्तर इथेच असावं असा माझा अंदाज.

फटफट आणि अडखळणं मात्र वेगळं प्रकरण आहे. या रॅप्टरला सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर नसतो. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) थ्रॉटल किती उघडलाय, मॅनिफोल्डचं प्रेशर किती, हवा-पाणी किती तापलंय एवढं कळतं आणि त्यावरून तो कंपनीने भरून दिलेल्या तक्त्यातलं पेट्रोल सोडतो. तुम्ही सायलेन्सर मोकळा केला, एअरबॉक्सचं झाकण काढलं, आता आत हवा जास्त जायला लागली, पण ही बातमी ईसीयूला कोणी दिलीच नाही. मग मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, मध्येच गाडी दम खाते आणि इंजिन तापतं ते वेगळंच. मीटरमधून सीओ सेटिंग करता येतं असं कोणीतरी सांगेल, पण ते आयडलच्या आसपासच काम करतं, चढावरच्या रोगाला त्याचा उपयोग नाही. पॉवर कमांडरसारखा कंट्रोलर लावून मॅप बदलणं हा एक रस्ता, नाहीतर ईसीयूच फ्लॅश करून घेणं. डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) वाइडबँड (धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लावून बघणारा माणूस मिळाला तर उत्तमच, फुल थ्रॉटलला एअर-फ्युएल रेशो तेराच्या जवळपास आला पाहिजे.

त्याआधी एक करा, सायलेन्सर आणि हेडर पाइपच्या जॉइंटला गॅस्केट धड आहे का बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तरी थ्रॉटल सोडल्यावर अशीच फटफट होते आणि लोक उगाच ट्यूनिंगला पैसे घालतात.

सॅनडिएगोकर

टॅपेटवाल्यांना +1.

माझ्याकडे यामाहाचीच वायएफझी 450आर आहे, आम्ही ग्लॅमिसला जातो, कॅलिफोर्नियाच्या खालच्या टोकाला इम्पीरियल सँड ड्यून्स. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तिथे पंढरपूरच्या वारीएवढी गर्दी असते, फरक एवढाच की तिथे प्रत्येकाला वाटतं आपणच माउलींचा अश्व. ओल्ड्समोबिल हिलवर संध्याकाळी लोक शर्यती लावतात तेव्हा बघावं, सगळ्यात मोठ्या आवाजाची गाडी बहुतेक वेळा दुसरी येते.

पॉवरपेक्षा गिअरिंग बघा असं मी म्हणेन. रॅप्टरला कंपनीकडून पुढे 14 आणि मागे 38 दातांचं स्प्रॉकेट येतं. पुढचं 13 केलं की रेशो 2.71 वरून 2.92 वर जातो, म्हणजे साधारण साडेसात-आठ टक्के जादा खेच, आणि खर्च किती तर दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढा. पॅडल टायर वाळूत इतका भार टाकतात की जो गिअर डांबरावर सहज ओढतो तो तिथे गुदमरतो, मग वर-खाली गिअर करत बसावं लागतं आणि प्रत्येक गिअर बदलताना वेग मरतो. टॉप स्पीड थोडा जाईल, पण वाळूवर टॉप स्पीडला जायचंय कोणाला?

आणि 98 पेट्रोलचं सांगतो. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त असं काही नसतं. नॉकिंग न होता किती दाब सहन करेल एवढंच ते माप आहे, कॉम्प्रेशन वाढवलेलं नसेल तर 98 टाकून पंपवाल्याचंच भलं. अमेरिकन फोरम वाचताना तिथल्या 91 ला आपलं 91 समजू नका. आमच्या पंपावरचा आकडा रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची सरासरी असतो, आमचं 91 म्हणजे तुमच्याकडचं साधारण 95.

मृण्मयी_अबूधाबी

सगळे इंजिनवर तुटून पडलेत आणि "हवा मारून साफ केला" हे वाक्य कोणालाच खटकलं नाही? मला तर वाचूनच कसंतरी झालं.

पक्या, फोमचा फिल्टर कॉम्प्रेसरची हवा मारून साफ होत नाही, उलट बारीक धूळ फोमच्या आत ढकलली जाते, फोमला चिरा पडतात त्या वेगळ्या. तो फिल्टर क्लीनरने धुवायचा, पिळताना मुरगळायचा नाही, नुसता मुठीत दाबायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा आणि मग फोम फिल्टरचं चिकट तेल सगळीकडे सारखं लागेपर्यंत चोळायचं. कोरड्या फोममधून इथली वाळू पिठासारखी आरपार जाते. पेट्रोलने धुणारे लोकही बघितलेत, त्याने फोमचे जोड सुटतात. बसवताना फिल्टरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्यायचा म्हणजे सील नीट बसतं.

आता तुझ्या गाडीचं काय झालंय ते पाच मिनिटांत कळेल. फिल्टर काढ, थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या रबरी नळीत आतून पांढरा टिश्यू फिरव. टिश्यू पांढराच राहिला तर देवाचे आभार मान. त्यावर लालसर कण आले तर ते कण इंजिनच्या पोटातही गेलेत, आणि मग पिस्टनचा विषय तुला वेगळ्या कारणाने काढावा लागेल. मी प्रत्येक वेळी फिल्टर बसवल्यावर त्या नळीच्या आतल्या भिंतीला बोटभर ग्रीस लावून ठेवते, पुढच्या वेळी उघडलं की ग्रीसवर वाळू बसलीये का ते लगेच दिसतं. यापेक्षा स्वस्त टेस्ट जगात नाही.

झाकण परत लाव. अमेरिकेत काढत असतील, इथे लिवाच्या बाजूला वारा सुटला की समोरची गाडी दिसत नाही, तिथे उघडा एअरबॉक्स म्हणजे वाळूला हळदीकुंकवाचं आमंत्रण.

सॅनडिएगोकर

झाकणाबद्दल थोडा असहमत. आम्ही काढतो पण वरून प्री-फिल्टरची जाळी चढवतो आणि फिल्टर रोज बदलतो, म्हणजे धुवून तेल लावलेले तीन-चार फिल्टर पिशवीत घालून न्यायचे, संध्याकाळी एक काढला की दुसरा घातला. एवढं करायची तयारी असेल तर झाकण काढल्याचा फायदा नक्की कळतो.

मृण्मयी_अबूधाबी

एवढं करायची तयारी असेल तर, हेच तर म्हणतेय. इथे लोक सीझनमधून एकदा फिल्टर बघतात. ज्याला फिल्टर धुवायचा कंटाळा आहे त्याने झाकणाला हात लावू नये.

टॅपेटवाला

मृण्मयीताई, दंडवत. वाचनखूण साठवली. मी त्या उत्तरावर खरंच अडखळलो नाही, टायरच्या 12 ने डोकं फिरवलं होतं.

मृण्मयी_अबूधाबी

ताई नको हो, ग्रीसने माखलेले हात आहेत, मृण्मयी पुरे.

सॅनडिएगोकर

वाळू आत गेली की काय होतं ते आमच्या वायएफझीवाल्यांना विचारा. आमच्याकडे टायटॅनियमचे पाच व्हॉल्व्ह. टायटॅनियम हलकं म्हणून इंजिन वरच्या आरपीएमला छान फिरतं, पण त्यावरचा कडक लेप फार पातळ असतो. धूळ जाऊन तो घासला गेला की व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो आणि क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) कमी कमी होतो. गाडी आधी थंडीत स्टार्ट व्हायला कुरकुरते, मग गरम झाल्यावर बंद केली की परत चालूच होत नाही. लोक बॅटरी बदलतात, प्लग बदलतात. शिम (फट जुळवायची पातळ चकती) बदलून एखाद्या वेळी निभावतं, पण शिम बदलूनही थोड्याच दिवसांत परत क्लिअरन्स गेला तर व्हॉल्व्ह संपला असं समजायचं, हेड उघडायचं. रॅप्टर याबाबतीत बरीच सोशिक आहे.

टॅपेटवाला

हो, रॅप्टरला सिंगल कॅम, चार व्हॉल्व्ह आणि स्क्रू-लॉकनटचे टॅपेट, आपल्या साध्या मोटरसायकलसारखेच. कोणीही घरी करू शकतो. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उघडायची. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वर आणायचा, टायमिंगची खूण जुळवायची, आणि दोन्ही बाजूंचे रॉकर हाताने हलके हलतायत ना ते बघायचं, हलत नसतील तर तुम्ही एक फेरा चुकलात. इनटेकला 0.09 ते 0.13 मिलिमीटर, एक्झॉस्टला 0.16 ते 0.20. फिलर गेज ओढताना लोण्यातून सुरी जाते तसा गेला तर ढिला, अडकला तर घट्ट, कागदाला बोट लावल्यासारखं हलकं ओढ जाणवली पाहिजे. आणि लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा गेज घालून बघायचं, निम्मे मेकॅनिक हेच करत नाहीत. आवाज येतो म्हणून एक्झॉस्टचे टॅपेट घट्ट करून देणारे तर शहरागणिक आहेत. गाडी शांत होते, गिऱ्हाईक खूश, आणि व्हॉल्व्ह जळतो.

कोथरूडचा_काका

माहितीपूर्ण धागा. पण हा खेळ आपल्याकडे करायचा कुठे? मला लोणावळ्याजवळ एकदा ती दोर बांधलेल्या मैदानातली एटीव्ही चालवायला दिली होती, टायरांच्या भिंतीत फेऱ्या मारून पैसे घेतले.

दगडू_परब

काका, गोव्यात किनाऱ्यावर काढायचं डोक्यात आणू नका, बीचवर गाडी घालणं बेकायदा आहे, पर्यटक दर सीझनला पकडले जातात आणि गाडी भरतीत अडकते ते वेगळं. आमच्याकडेही तेच होतं, मग आख्खा गाव ट्रॅक्टर घेऊन काढायला जातो आणि वर चहा पण पाजतो.

टॅपेटवाला

काका, आपल्याकडे एटीव्ही ऑफ-रोड म्हणूनच विकल्या जातात, रस्त्यावर फिरवायच्या नाहीत. स्वतःची जमीन असेल तर शेतावर चालवा. स्पोर्ट मॉडेल्सचं खरं घर म्हणजे अमेरिका, आखात, दक्षिण अमेरिका. डाकार रॅलीत क्वाडचा वेगळा गट होता तेव्हा यामाहाच्या रॅप्टरने तिथे अक्षरशः ठाण मांडलं होतं, अर्जेंटिनाच्या पॅट्रोनेली भावांनी मिळून 2010 ते 2013 अशी सलग चार वर्षं नेली. 2024 नंतर तो गटच बंद केला, वाईट वाटलं.

वाळवंटी_पक्या

अपडेट देतो. हवा पुढे-मागे चारवर आणली. झाकण आधीच्या मालकाकडे गॅरेजमध्ये पडलेलं होतं, ते आणून बसवलं. टिश्यू टेस्ट केली, अगदी हलका लालसर डाग आला, मृण्मयी तुझे उपकार. फिल्टर नवीनच घातला. सायलेन्सरच्या जॉइंटचं गॅस्केट एका बाजूला उडालेलं निघालं! इनटेकचे दोन्ही टॅपेट घट्ट होते, रविवारी मित्राला समोर बसवून त्याच्या मोबाइलच्या उजेडात सेट केले, आटे शाबूत आहेत.

काल बदायरला नेली. फटफट जवळपास गेली, अर्ध्या थ्रॉटलचं अडखळणं थोडं आहे अजून. टेकडी चढली हो! मित्राच्या मागोमाग चढली. पण एक नवीन त्रास, उतरताना आणि खडबडीत जागी मागचं बूड उसळतं, हँडलवरून फेकला जाईन असं वाटतं. आधी पण होत असेल, पण आधी एवढ्या वेगाने कुठे जात होतो.

सॅनडिएगोकर

अभिनंदन! आता सस्पेंशन. 92 किलोंच्या माणसाला आहे त्याच सेटिंगवर बसवलं की असंच होणार. सॅग मोजा. गाडी स्टँडवर उचलून चाकं लोंबकळू द्या, मागे फ्रेमवरच्या एका ठरावीक बिंदूपासून अॅक्सलपर्यंतचं अंतर मोजा. मग खाली उतरवून हेल्मेट-बूट सगळं घालून बसा, दोन-चारदा उसळा, आणि मित्राला तेच अंतर परत मोजायला सांगा. दोन्हीतला फरक म्हणजे सॅग, तो एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली होण्याच्या अंतराच्या) साधारण एक तृतीयांश हवा. रॅप्टर 700आर ला मागे 256 मिलिमीटरच्या आसपास ट्रॅव्हल आहे, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी. पुढे 230, तिथे पंचाहत्तरच्या आसपास. जास्त बसत असेल तर प्रीलोड (स्प्रिंगवरचा सुरुवातीचा ताण) वाढवा. प्रीलोड पूर्ण आवळूनही जमलं नाही तर स्प्रिंगच हलकी आहे, बदलावी लागेल, प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, नुसती गाडी उंच होते. हा गैरसमज इतका पसरलाय की दुकानदार पण तेच सांगतात.

त्यानंतर रीबाउंड. बूड उसळतंय म्हणजे स्प्रिंग परत येताना शॉक तिला आवरत नाहीये, रीबाउंड दोन क्लिक वाढवा, चालवून बघा, परत दोन. पण फार वाढवलं तर ओळीने खड्डे आले की शॉक वर यायच्या आतच पुढचा खड्डा येतो आणि मागचं चाक खाली खालीच बसत जातं. एका वेळी एकच स्क्रू फिरवा आणि डायरीत लिहून ठेवा, हवेतल्या आठवणीवर जाऊ नका.

मृण्मयी_अबूधाबी

आणि उसळतेय म्हणून लगेच शॉकला दोष देण्याआधी मागचं चाक हवेत उचलून घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलव. खटखट लागली तर अॅक्सल बेअरिंग किंवा स्विंगआर्मचं बुश गेलंय. रॅप्टरच्या अॅक्सलचे मोठे नट ढिले होतात हे जगजाहीर आहे, ते टॉर्क रेंचने आवळ आणि मार्करने खूण करून ठेव, पुढच्या वेळी नुसतं खुणेकडे बघितलं की कळतं. पुढची चाकं धरून डावी-उजवी हलव, टाय रॉडचे शेवट आणि बॉल जॉइंट तिथे बोलतात. चालवून आल्यावर प्रेशर वॉशर बेअरिंगवर आणि रेडिएटरच्या पंखांवर मारू नकोस, पंख वाकले की मग उन्हात गाडी उकळते आणि आपण पाण्यासाठी पळतो.

तेल कोणतं टाकतोस? क्लच इंजिनच्याच तेलात भिजतो, म्हणून जासो एमए लिहिलेलं मोटरसायकलचं तेल. कारचं फ्रिक्शन मॉडिफायरवालं तेल टाकलं तर पॅडलच्या भाराखाली क्लच घसरायला लागतो आणि गॅरेजवाले जड स्प्रिंग विकतात.

वाळवंटी_पक्या

तेल मागच्या मालकाने कुठलं टाकलंय काही पत्ता नाही, आजच बदलतो. 13 चं स्प्रॉकेट ऑर्डर केलंय. कंट्रोलर पण घ्यायचा विचार पक्का. सॅग या शनिवारी मोजतो.

आणि ते 734? गॅरेजवाला रोज फोन करतोय.

टॅपेटवाला

734 वाईट नाही, 105.5 मिलिमीटरचा पिस्टन टाकून मिळतं, चांगला किट आहे. पण टिश्यूवर लाल डाग आला होता ना? त्याला म्हणा आधी लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजायची) करून आकडा कागदावर लिहून दे. हवा ऑइल फिलरमधून आली तर रिंग गेल्यात, एअरबॉक्सकडून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. रिंग गेल्या असतील तर बोअर उघडावाच लागेल, तेव्हा 734 चा विचार करा आणि सोबत मॅपही नवीन लागेल तो खर्च धरून करा. आणि आकडा चांगला आला तर त्याच पैशात आधी मागची स्प्रिंग आणि डायनोवरचं ट्यूनिंग. आकडा आला की इथे टाका.

दगडू_परब

आणि गॅरेजवाल्याचा नंबर ब्लॉक करा, त्याला खर्च शून्य.